दारावरची पाटी आणि घाऊक वाचक

१/
जवळजवळ प्रत्येक मोठ्या संकेतस्थळाच्या दारावर एक पाटी असते आणि ती आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचलेली असते. संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे तिरपी रेघ देऊन 'रोबॉट्स डॉट टीएक्सटी' असे लिहिले की ती दिसते. साधा मजकूर, ना रंग ना चित्र. कोणत्या यंत्राने आत यावे, कोणी येऊ नये आणि आलेल्याने कोणत्या खोलीत शिरू नये, एवढेच तिच्यावर असते. २०२३पासून या पाट्यांवरचा मजकूर झपाट्याने बदलला आहे. इतिहासाच्या हौशी अभ्यासकाला त्याची झळ कशी लागते, ते या थ्रेडमध्ये सांगतो.

२/
पाटीचा उगम १९९४चा. वेब तेव्हा नुकतेच रांगू लागले होते. पानामागून पान आपोआप उघडत, प्रत्येकाची नक्कल घेत पुढे सरकणारे प्रोग्राम त्याच सुमारास लिहिले जाऊ लागले. त्यांना क्रॉलर म्हणतात. त्या काळचे सर्व्हर बेताच्या ताकदीचे. एखादा उतावळा क्रॉलर धडाधड पाने मागू लागला की यंत्र गुदमरून जाई. ब्रिटनमधील नेक्सर या कंपनीत काम करणारे डच अभियंता मार्टाइन कॉस्टर यांनी यावर साधी तोड सुचवली. मालकाने ठरावीक जागी एक छोटी फाइल ठेवावी आणि क्रॉलरने इतर काहीही मागण्याआधी ती वाचावी.

३/
ही पाटी कधीच कुलूप नव्हती. देवळाबाहेर 'पादत्राणे बाहेर काढावीत' असे लिहिलेले असते. तेथे शिपाई उभा नसतो, तरी लोक चपला काढतात. तसाच हा रिवाज. त्याला अधिकृत मानकाचे रूप मिळाले ते थेट सप्टेंबर २०२२मध्ये, म्हणजे २८ वर्षांनी. त्या मानकातही स्पष्ट म्हटले आहे की या सूचना म्हणजे प्रवेशाचा परवाना देण्याची किंवा नाकारण्याची यंत्रणा नव्हे. एवढा मोठा व्यवहार इतकी वर्षे केवळ विश्वासावर चालला, ही गोष्ट इतिहास म्हणूनही नोंद घेण्याजोगी आहे.

४/
विश्वास टिकला, कारण त्यात देवाणघेवाण होती. शोधयंत्रे पानांच्या नकला नेत आणि त्या बदल्यात वाचक पाठवत. संकेतस्थळाला गिऱ्हाईक मिळे, शोधयंत्राला माल मिळे. या दोघांच्या सौद्यात तिसरा एक गट त्याच दारातून मुकाट्याने ये-जा करत होता: संग्राहक, हौशी अभ्यासक, विद्यार्थी, भाषेचे अभ्यासक. त्यांच्याशी कोणी सौदा केला नव्हता आणि त्यांना कोणी अडवलेही नव्हते. दार उघडे होते म्हणून ते आत होते. पुढे जे घडले ते समजण्यासाठी हा तपशील लक्षात ठेवावा.

५/
या तिसऱ्या गटाने काय केले? १९९६मध्ये ब्रूस्टर काल यांनी इंटरनेट आर्काइव्ह सुरू केले आणि वेबच्या नकला साठवायला घेतल्या. २००९च्या ऑक्टोबरमध्ये याहूने जिओसिटीज बंद केले. सामान्य माणसांनी १९९०च्या दशकात हाताने रचलेली लाखो पाने तेथे होती. आर्काइव्ह टीम नावाच्या स्वयंसेवकांनी दार बंद होण्याआधी जमेल तेवढे उतरवून घेतले आणि पुढच्या वर्षी तो सहाशे गिगाबाइटांहून मोठा गठ्ठा सर्वांना खुला केला. पहिल्या पिढीच्या वेबवर सर्वसामान्य लोक काय लिहीत होते, हे आज पाहता येते त्याचे बरेचसे श्रेय अशा बिनपगारी क्रॉलरांना आहे.

६/
पाटीची ताकद कधी कधी भूतकाळापर्यंत पोचे. इंटरनेट आर्काइव्ह अनेक वर्षे तिचा मान मागच्या तारखेनेही राखत असे. एखादे संकेतस्थळ बंद पडावे, त्याचे नाव दुसऱ्याच कोणी विकत घ्यावे, नव्या मालकाने 'येथे क्रॉलरला मज्जाव' असे लिहावे, की जुन्या मालकाच्या काळातील साठवलेली पानेही दिसेनाशी होत. वाड्याचा नवा मालक आला म्हणून जुन्या मालकाची पत्रे विहिरीत टाकावीत, तसाच हा प्रकार. २०१७मध्ये आर्काइव्हने जाहीर केले की शोधयंत्रांसाठी लिहिलेल्या या पाट्या संग्रहाच्या कामाला लागू पडतातच असे नाही, आणि आपला रिवाज बदलायला घेतला.

७/
आता मुद्द्याकडे वळू. इतिहासाचे वाचन दोन प्रकारचे असते. मी त्यांना किरकोळ आणि घाऊक म्हणतो. एक पत्र काढावे, त्याची तारीख लावावी, त्यातली माणसे ओळखावीत, हे किरकोळ वाचन. आपल्यापैकी बहुतेकांनी इतिहासाची गोडी तेथेच चाखली. पण काही प्रश्न एका पानावर बसतच नाहीत. एखादा शब्द केव्हा रूढ झाला? धान्याचे भाव कोणत्या महिन्यात चढले? एखाद्या गावाचे नाव कागदांतून केव्हा गळाले? यांची उत्तरे हजार पाने शेजारी शेजारी ठेवल्यावरच मिळतात. येथे वाचक घाऊक असावा लागतो आणि त्याला अख्खा ढीग लागतो.

८/
माझेच उदाहरण देतो. इतिहास हा माझा व्यवसाय नाही. पोटापाण्याचे काम वेगळे आहे. गेली काही वर्षे एक प्रश्न डोक्यात आहे. १८९६च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग ओळखला गेला. पुढे तो पुण्यात पोचला, तपासण्यांचा जुलूम झाला आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. ही कथा आपण अग्रलेखांतून वाचतो. मला जाहिराती वाचायच्या आहेत. औषधांच्या जाहिराती कोणत्या आठवड्यात वाढल्या? गावाबाहेर जागा भाड्याने देणारे केव्हा दिसू लागले? भीती अग्रलेखात आधी उतरली की जाहिरातीत? एक अंक वाचून हे कळणार नाही. शेकडो अंक लागतील.

९/
असे अंक एका डिजिटल संग्रहात आहेत. मजकूर सव्वाशे वर्षांपूर्वीचा, स्वामित्वहक्क केव्हाच संपलेला. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो मध्यरात्रीनंतर चाले, एक पान घेतल्यावर वीस सेकंद थांबे, आणि आपल्या नावासोबत माझा ईमेल पत्ता सांगे. चार महिने सुरळीत गेले. मग एके रात्री प्रत्येक मागणीला एकच उत्तर येऊ लागले: प्रवेश नाकारला आहे. पाटी पाहिली, तर तिच्यावर नवी ओळ होती. शोधयंत्रांची दोन-तीन नावे वगळून बाकी सर्व यंत्रांना मज्जाव.

१०/
मी पत्र लिहिले. उत्तर सभ्य होते. यंत्रांच्या माऱ्यामुळे संकेतस्थळ वारंवार बंद पडते, म्हणून हा उपाय केला. प्रत्येक पान वाचण्यासाठी खुले आहेच. एकत्रित प्रत देण्याची सोय नाही. या उत्तरात खोटे काहीच नव्हते. तरी त्यातला भेद मनात रुतून बसला. पाहू देणे ही एक परवानगी आणि घेऊ देणे ही दुसरी. किरकोळ वाचकाला पहिली पुरते. घाऊक वाचकाला दुसरीवाचून पहिलीचा उपयोग फार थोडा.

११/
मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला हा भेद नवा वाटू नये. १८१८मध्ये पेशवाई बुडाली आणि पेशवे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. कागद पुण्यातच राहिले, पण पुण्यातल्या स्वतंत्र संशोधकाला तेथे मोकळा प्रवेश नव्हता. इनामे, वतने आणि हक्कांचे पुरावे त्या रुमालांत बांधलेले. सरकारला सावधगिरी हवी होती. आजच्या संकेतस्थळांची कारणे अगदी वेगळी आहेत, हे मान्य. मात्र दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाचा अनुभव सारखाच: साठा आहे, जवळ आहे, आणि आपल्या हाताला लागत नाही.

१२/
मग दप्तरातून बाहेर काय आले? वेचे. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजनिश्यांतील उतारे निवडले. न्यायमूर्ती रानड्यांनी १९००मध्ये त्या रोजनिश्यांवर आपला निबंध लिहिला. पुढे गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. या मंडळींचे ऋण मोठे आहे. पण निवड ही निवडणाऱ्याच्या प्रश्नांनुसार होते. मोहिमा आणि राजकारण शोधणाऱ्याच्या चाळणीतून गवताचा भाव आणि पखालीवाल्याचा पगार खाली गळून पडण्याचा संभव अधिक. ढीग हाती असला तर प्रत्येक पिढी आपली चाळणी लावू शकते.

१३/
राजवाड्यांनी दुसरी वाट धरली. सरकारी दाराशी थांबण्याऐवजी ते गावोगाव हिंडले, घराघरांतली दप्तरे धुंडाळली, आणि १८९८पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे खंड छापत गेले. एकूण २२ खंड. मूळ कागद छापून टाकले की ते कोणाच्याही घरी जातात. मग राजवाड्यांशी न पटणाऱ्यालाही त्याच कागदांच्या आधारे त्यांना खोडून काढता येते. त्या काळात छापखाना हेच घाऊक प्रत देण्याचे साधन होते.

१४/
आता आपल्या काळाचे दप्तर पाहू. एप्रिल २०१०मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जाहीर केले की ट्विटरवरील सर्व सार्वजनिक मजकूर आपण जतन करणार. इतिहासकारांना आनंद झाला. २०१७च्या अखेरीस ग्रंथालयाने सांगितले की नव्या वर्षापासून सरसकट संग्रह थांबेल, यापुढे फक्त निवडक मजकूर घेतला जाईल. तोवर जमलेला ढीग संशोधकांना खुला झालेला नव्हताच. ढीग बंद, पुढे वेचे. पेशवे दप्तराची आठवण न येईल तर नवल.

१५/
ट्विटरने स्वतः २०२१मध्ये विद्यापीठीय संशोधकांसाठी दार उघडले होते: २००६पासूनच्या साठ्यातून दरमहा १ कोटीपर्यंत ट्वीट, विनामूल्य. कंपनीची मालकी बदलली. फेब्रुवारी २०२३मध्ये मोफत प्रवेश बंद होणार असल्याची घोषणा झाली. नव्या दरपत्रकात १०० डॉलरांना महिन्याकाठी १०,००० ट्वीट वाचता येऊ लागले. म्हणजे पूर्वीच्या मर्यादेचा हजारावा भाग, तोही पैसे मोजून. ज्यांचे संशोधन अर्ध्यावर होते त्यांचे ते तिथेच थांबले.

१६/
त्याच वर्षी रेडिटने तोच मार्ग धरला. प्रोग्रामांना मजकूर पुरवणाऱ्या खिडकीला एपीआय म्हणतात. तिच्यावर दर हजार मागण्यांना २४ सेंट असा भाव लागला. अपोलो हे लोकप्रिय ॲप चालवणाऱ्या विकासकाने हिशेब मांडला की आपल्याला वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर मोजावे लागतील, आणि ३० जून २०२३ रोजी ॲप बंद केले. त्याआधीच, मे महिन्यात, पुशशिफ्टचा प्रवेश तोडला गेला होता. २०१५पासून रेडिटवरचा मजकूर जमवून संशोधकांना देणारा हा साठा अनेक शोधनिबंधांचा पाया होता.

१७/
मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. मे २०२३मध्ये इंटरनेट आर्काइव्हच कोलमडले. भाड्याने घेतलेल्या ६४ आभासी यंत्रांवरून कोणीतरी स्वामित्वहक्कमुक्त पुस्तकांचा मजकूर सेकंदाला हजारो मागण्या करून ओढत होते. विकिमीडियाने एप्रिल २०२५मध्ये सांगितले की जानेवारी २०२४पासून चित्रे आणि चित्रफिती उतरवण्यासाठी लागणारी बँडविड्थ ५० टक्क्यांनी वाढली आणि सर्वांत खर्चिक वाहतुकीपैकी ६५ टक्के यंत्रांची होती. माणसे गाजलेली पाने वाचतात, ती जवळच्या साठ्यातून पटकन देता येतात. यंत्रे कोपऱ्यातली पानेही ओरबाडतात आणि प्रत्येक वेळी मूळ सर्व्हरला हेलपाटा पडतो. हा मारा बव्हंशी भाषिक प्रारूपांना मजकूर पुरवण्यासाठी आहे, आणि तो वाचकही परत पाठवत नाही. जुना सौदा येथे मोडला.

१८/
मोडलेल्या सौद्याचा दंड कोणी भरला ते मात्र पाहण्यासारखे आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये रेडिट आणि गूगल यांच्यात करार झाला. रॉयटर्सच्या वृत्तानुसार त्याची किंमत वर्षाला सुमारे ६ कोटी डॉलर. ऑगस्ट २०२५मध्ये त्याच रेडिटने इंटरनेट आर्काइव्हला मुखपृष्ठापलीकडे जाण्यास अटकाव केल्याचे वृत्त आले. आर्काइव्हच्या आडून इतर कंपन्या मजकूर उचलतात, असे कारण दिले गेले. दार बंद झाले असे म्हणणे म्हणूनच अपुरे. नाके बसले. जकात भरण्याची ऐपत असलेला आत आहे आणि नातवंडांसाठी नकला ठेवणारा बाहेर.

१९/
पाटीचा स्वभावही येथे नडतो. ती नाव विचारते. किती आणि कशासाठी नेणार, हे विचारत नाही. खरे नाव सांगणारा यादीत सापडतो आणि अडवला जातो. साध्या ब्राउझरचा वेष घेऊन, हजारो वेगवेगळ्या पत्त्यांवरून येणारा पाटीकडे पाहतही नाही. मग मालक पाटीवर न थांबता भिंत बांधतात: कोडी, तपासण्या, माणूस असल्याचे पुरावे. जुलै २०२५मध्ये क्लाउडफ्लेअरने नव्याने जोडल्या जाणाऱ्या संकेतस्थळांवर कृत्रिम बुद्धिमत्तेचे क्रॉलर मुळातच अडवण्याचे धोरण स्वीकारले. मालकाच्या दृष्टीने ते रास्तच. पण वीस सेकंद थांबणारा माझा प्रोग्राम आणि सेकंदाला हजारो मागण्या करणारा दरोडेखोर, दोघेही त्या भिंतीला सारखेच दिसतात.

२०/
याला उपाय आहेत आणि ते आज चालू आहेत. विकिमीडिया आपला संपूर्ण मजकूर ठरावीक काळाने एकत्र बांधून ठेवते. १ मे २००३ रोजी सुरू झालेला अख्खा मराठी विकिपीडिया तुम्ही आज रात्री घरी नेऊ शकता, एकही पान स्वतंत्रपणे न मागता. अमेरिकी विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी २००८मध्ये उभारलेल्या हाथीट्रस्टने (नावातला हाथी म्हणजे आपलाच हत्ती) वेगळी युक्ती केली: प्रत्येक पानावर कोणता शब्द किती वेळा आला, याचे तक्ते संशोधकांना दिले. पुस्तक हातात न देताही घाऊक प्रश्नाचे उत्तर मिळते. आणि ब्रूस्टर काल यांनी २०२३च्या त्या माऱ्यानंतरही एवढीच विनंती केली होती: खूप हवे असेल तर हळूहळू सुरुवात करा आणि आम्हाला लिहा.

२१/
बांधलेला गठ्ठा एकदा देणे हे लाख वेळा दार उघडण्यापेक्षा मालकालाही स्वस्त पडते. आपल्याकडील ग्रंथालये आणि संग्रह जुनी पाने मोठ्या कष्टाने स्कॅन करत आहेत. त्यांना आपण विनंती करू शकतो: पान दाखवण्याच्या सोयीसोबत वर्षाकाठी एक गठ्ठाही ठेवा. विनंती लेखी करावी, कोणता काळ आणि कोणते प्रश्न हे सांगावे, निष्कर्ष त्यांना आधी कळवण्याची तयारी दाखवावी. पाटीवर नकार असेल तर वेष पालटून शिरू नये. आज भिंती उभ्या राहिल्या त्या अशाच वेषांतरांमुळे.

२२/
आणि आपल्या हातात जे आहे ते तरी अडवू नये. तुमच्यापैकी कित्येकांनी मोडी पत्रांची लिप्यंतरे केली आहेत, वीरगळांच्या याद्या केल्या आहेत, किल्ल्यांवरच्या टाक्यांच्या नोंदी ठेवल्या आहेत. त्या चित्राच्या रूपात, कोपऱ्यात स्वतःचे नाव उमटवून येथे टाकल्या की लाइक मिळतात, पण त्या किरकोळच राहतात. साध्या तक्त्याची फाइल करा, ठिकाण आणि तारीख लिहा, कोणालाही उतरवून घेता येईल अशा जागी ठेवा. तुम्हाला न सुचलेला प्रश्न त्यातून कोणीतरी विचारेल.

२३/
प्लेगच्या जाहिरातींचे काम थांबलेले नाही. आम्ही पाच जणांनी महिने वाटून घेतले आहेत आणि पान उघडून हाताने नोंद करतो: तारीख, जाहिरातदाराचा धंदा, गाव, ओळींची संख्या. सप्टेंबर १८९६पासून निघालो, सध्या फेब्रुवारी १८९७मध्ये आहोत. प्रोग्रामाने जे काही आठवड्यांत झाले असते त्याला या गतीने दोन वर्षे लागतील. पूर्ण झाले की तक्ता अख्खा, जसाच्या तसा, सर्वांसाठी ठेवू. ज्यांना एखादा महिना उचलायचा असेल त्यांनी खाली कळवावे. एप्रिल अजून कोणी घेतलेला नाही.